पाट्याचं वय

पाचवीला पाटा लागतो, हे आईला चौथ्या दिवशी रात्री आठवलं. धाकट्या बहिणीला दुसरा मुलगा झाला होता, बाळंतपण आमच्याकडेच होतं, आणि पाटा गॅलरीत कोरफडीच्या कुंडीखाली निदान पंधरा वर्षं पडून होता. मिक्सर आला तरी आईने तो काढला नाही. ‘पाटा कुणी टाकतं का’, एवढंच तिचं म्हणणं. सकाळी मी आणि वॉचमन, दोघांनी मिळून तो उचलला. खाली चौकोनी ओला डाग, मुंग्यांची पांढरी अंडी आणि नखाएवढा, आतून रिकामा असा एक शंख. आठ वर्षांच्या भाचीने, चिऊने, शंख लगेच ताब्यात घेतला. आईने काथ्याने पाटा घासला. पाणी पडताच तो राखाडी दगड निळसर काळा झाला, आणि खरं सांगते, ओल्या दगडाला लसणाचा वास आला. कदाचित आला नसेलही. मलाच आठवला असेल.

चिऊने पाट्याच्या खोलगट भागावरून हात फिरवला आणि विचारलं, “मावशी, हा किती जुना आहे?”

“खूप.”

“खूप म्हणजे किती?”

आई हळदकुंकवाची कोयरी शोधत होती, ती तिकडूनच म्हणाली, “माझ्या आजेसासूबाईंनी म्हसवडच्या जत्रेत घेतलेला. शंभर वर्षं तरी झाली.” वरच्या मजल्यावरचे काका-काकू बाळाला बघायला आले होते. काका भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेत. ते सोफ्यावरून म्हणाले, “वहिनी, शंभर नव्हे. सहा कोटी साठ लाख.” चिऊने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा काकांकडे. “मग बरोबर कोण?” तेवढ्यात बाळ रडायला लागलं, काकू उठल्या, आई देव्हाऱ्याकडे गेली आणि तो प्रश्न तिथेच राहिला. मला मात्र तो दोन दिवस चावत होता. कारण खोटं दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं.

आमच्या घरात वयाचा घोळ नवा नाही. माझ्या आजीला, म्हणजे आईच्या सासूबाईंना, स्वतःची जन्मतारीख माहीत नव्हती. विचारलं की ती सांगायची, “मानमोडीच्या साथीत माझी आई मला पोटात घेऊन शिवारात खोप करून राहिली होती.” मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्यावरून आम्ही धरायचो की ती १८ च्या अखेरीची नाहीतर १९ च्या सुरुवातीची असणार. तिची सगळी मोजदाद अशीच चालायची. थोरल्या काकाचा जन्म दुष्काळाच्या आधी, आत्याचा विहिरीला पाणी लागलं त्या उन्हाळ्यात, आणि वाड्याची पडवी गांधीवधानंतर, कारण जुनी पडवी त्याच वेळी जळाली होती. एकही आकडा नाही, पण आधी काय आणि नंतर काय यात तिची कधी चूक झाली नाही. माझ्या वडिलांचं उलट. त्यांच्या दाखल्यावर चक्क तारीख आहे, १ जून. गावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी टाकली ती. आमच्या नातेवाइकांत एक जूनचे तिघं आहेत आणि तिघांच्याही आया म्हणायच्या की पोर थंडीत झालं. म्हणजे आजीजवळ क्रम होता पण तारीख नव्हती, आणि वडिलांजवळ तारीख होती पण ती घडलेलीच नव्हती.

हे मी काकांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की त्यांनी बशीतला चहा सांडला. “अगं, आमच्या शास्त्राची पहिली दोनशे वर्षं तुझ्या आजीवरच चालली,” ते म्हणाले. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे निकोलस स्टेनोने १६६९ मध्ये लिहून ठेवलं. पुढे विल्यम स्मिथ नावाच्या इंग्रज मोजणीदाराच्या लक्षात आलं की कुठल्या थरात कुठले शंखशिंपले, हाही क्रम ठरलेला असतो; त्याच्या जोरावर त्याने १८१५ मध्ये अख्ख्या इंग्लंडचा नकाशा काढला. कोणता दगड मोठा आणि कोणता धाकटा हे त्यातून चोख कळायचं. किती वर्षांनी मोठा, ते विचारायचं नाही.

मला मात्र आकडा हवा होता, आणि तो माझा मी काढता येतो का, हे बघायचं होतं. पाट्याचा मध्य खोल झालाय. शंभर वर्षांच्या चटण्यांनी झालाय. त्यावर आडवी स्टीलची पट्टी ठेवली, खाली दुसरी उभी धरली. अकरा मिलिमीटर. आता वर्षाला किती झिजतो ते कळलं की संपलं. पण कळणार कसं? वाड्यात वीस माणसं जेवायची तेव्हाचं वाटण वेगळं, आम्ही चौघं फ्लॅटमध्ये आलो तेव्हाचं वेगळं, आणि मिक्सर आल्यापासून तर शून्य. शिवाय टाकी. मी लहान असताना दुपारच्या वेळी बायका गल्लीतून ओरडत जायच्या, ‘टाकीयेऽऽ, पाट्याला टाकीऽऽ’. आई हाक मारायची. ती बाई उंबऱ्याशी बसून छिन्नी-हातोडीने गुळगुळीत झालेल्या पाट्यावर टिचे मारायची, टिक टिक टिक, एका रेषेत, आणि दगडाची पांढरी भुकटी तिच्या पापण्यांवर बसायची. त्यानंतर पहिल्यांदा मूठभर तांदूळ वाटून ते फेकून द्यायचे, कचकच जाण्यासाठी. म्हणजे माझ्या अकरा मिलिमीटरांत पणजीचा हात किती, आजीचा किती, आईचा किती आणि टाकीवालीचा किती, हे कुणी वेगळं काढून देऊ शकत नाही. हा उद्योग मोठमोठ्यांनी करून झालाय, हे मागाहून कळलं. जॉन जोली नावाच्या आयरिश शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये समुद्रात मीठ किती आणि नद्या वर्षाला किती आणतात याचा भागाकार करून पृथ्वीचं वय सुमारे नऊ कोटी वर्षं काढलं होतं. समुद्रातलं मीठ बाहेरही जातं, हे त्याच्या हिशेबात धड बसलं नव्हतं. त्याच्या मिठात आणि माझ्या चटणीत फरक फक्त शून्यांचा.

लागतं ते असं घड्याळ की ज्याला घरात किती माणसं जेवतात याच्याशी देणंघेणं नाही.

ते घड्याळ पाट्याच्या आतच आहे. काकांनी ते मला आमच्याच स्वयंपाकघरात, गॅसवर भात ठेवलेला असताना समजावलं. काळ्या दगडात पोटॅशियम असतं, फार नाही, थोडं. त्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू अस्थिर असतो. तो कधीतरी मोडतो. असे शंभर मोडले तर एकोणनव्वदांचं कॅल्शियम होतं आणि अकरांचा आर्गॉन. कॅल्शियमचा उपयोग नाही, दगड त्याने आधीच भरलेला असतो, त्यात नवं कुठलं आणि जुनं कुठलं ओळखणार? आर्गॉन मात्र वायू आहे, आणि कुणाशी नातं न जोडणारा वायू आहे. लाव्हा वाहता असतो तोवर तो निसटून जातो. काकांनी पातेल्यावरचं झाकण उचललं, वाफ त्यांच्या चष्म्यावर आली. “हे लाव्हा.” झाकण ठेवलं. “हा दगड. आता जी वाफ आत जमेल ती या क्षणानंतरची.” निम्मे अणू मोडायला सुमारे १२५ कोटी वर्षं लागतात, उन्हाळ्यात घाई नाही, थंडीत आळस नाही, डोंगराखाली दाबला गेला म्हणून वेग बदलत नाही. आत जमलेला आर्गॉन आणि उरलेलं पोटॅशियम मोजायचं, झालं.

झालं नाही, अर्थात. झाकण गळतं. पावसात भिजून कुजलेल्या दगडातून आर्गॉन निघून जातो आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो. कधी जुना वायू आत अडकून राहतो आणि दगड म्हातारा दिसतो. सह्याद्रीच्या दगडांची सुरुवातीला या रीतीने वयं काढली तेव्हा ती कोट्यवधी वर्षांनी मागेपुढे येत होती. म्हणून मग दगडाचे कण आधी अणुभट्टीत ठेवायचे, म्हणजे त्यातल्या साध्या पोटॅशियमचा थोडा भाग वेगळ्या जातीचा आर्गॉन होतो, आणि मग लेझरने हळूहळू, पायरीपायरीने तापवून दोन्ही आर्गॉन एकाच यंत्रात मोजायचे. गळका भाग पहिल्या पायऱ्यांत उघडा पडतो. आणि हे सगळं एका माहीत वयाच्या खनिजाशी ताडून; कोलोरॅडोतल्या फिश कॅनियनच्या ज्वालामुखी राखेतलं एक खनिज जगभर त्यासाठी वापरतात, वय २ कोटी ८० लाखांच्या थोडं वर. सोनाराकडे वजनं असतात तसं. आणि वजनच जरा कमी निघालं तर? तसंही झालं. आम्ही शाळेत डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गेले असं पाठ केलं होतं. आता ६ कोटी ६० लाख म्हणतात. वजनं सुधारली म्हणून अख्ख्या जगाचं वय मधल्या काळात दहा लाख वर्षांनी वाढलं, आणि कुणाला दाखला बदलून घ्यायला तहसील कचेरीत जावं लागलं नाही.

बारसं दीड महिन्याने ठरलं होतं. मधल्या काळात काकांनी विचारलं, आंबेनळी घाट एकदा बघून यायचाय, गाडी चालवशील का. त्यांचे गुडघे गेलेत. मी हो म्हटलं, सुट्टी होती म्हणून चिऊलाही घेतलं.

पाऊस नुकताच मागे हटला होता. पोलादपूरला वडापाव खाऊन आम्ही घाट चढायला लागलो. महाबळेश्वरपर्यंत साधारण चाळीस किलोमीटर, आणि चढ तेराशे मीटरचा. काका पुढच्या सीटवर बसून बाहेरच्या कातळाकडे असे बघत होते, जसं कुणी लग्नाच्या मांडवात ओळखीची माणसं शोधतं. दख्खनच्या या काळ्या थरांना भूशास्त्रात गावांची नावं आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. खालून वर मोजत ती त्यांनी म्हणून दाखवली: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. अगदी एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखं. “आत्ता आपण पोलादपुरात आहोत,” ते म्हणाले. मी म्हटलं, “काका, पोलादपूर मागे राहिलं.” “गाव राहिलं गं. थर अजून चालू आहे.” पुढे कुठेतरी एका वळणावर, जिथे मला काळ्या भिंतीशेजारी काळीच भिंत दिसली, तिथे त्यांनी हात वर केला. “हं. आंबेनळी सुरू.” हा फरक डोळ्यांना दिसत नाही, दगडातल्या घटकांच्या प्रमाणावरून काढलाय, हे त्यांनी नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. पण तो हात वर करण्याचा थाट काय वर्णावा.

एका रुंद वळणावर गाडी लावली. ट्रक कर्कश हॉर्न वाजवत जात होते, कठड्यापलीकडे सोनकी फुललेली. कातळाच्या अंगात जागोजागी फोड फुटल्यासारखी भोकं, काहींत पांढऱ्या, काहींत हिरवट गारगोट्या बसलेल्या. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे, मागाहून भरून आलेले. आणि दोन काळ्या थरांच्या मधोमध विटकरी लाल पट्टा, वीतभरापेक्षा थोडा जास्त. चिऊने बोट लावलं तर बोट लाल झालं. हा लाल बोल. एक लाव्हा येऊन गेला, थंड झाला, पाऊसपाण्याने त्याची माती झाली, आणि मग त्यावर दुसरा लाव्हा आला. पट्ट्याची वरची कड भाजलेल्या कौलासारखी कडक होती, खालची भुसभुशीत. त्या लाल वीतभरात किती वर्षं आहेत, कुणी सांगेना. शंभर असतील, हजारो असतील. मी तिथे उकिडवी बसून राहिले. मला काळ्या भिंतींपेक्षा ती मधली माती जास्त खरी वाटत होती, का ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा तिच्यात काहीच घडलं नव्हतं म्हणून. पाऊस पडला असेल, गवतासारखं काही उगवलं असेल, वाळलं असेल.

त्याच कातळात, रस्त्यापासून छातीएवढ्या उंचीवर, रुपयाच्या नाण्याएवढी गोल गुळगुळीत भोकं ओळीने होती. मला वाटलं सुरुंगाची. काका म्हणाले, नाही, चुंबकवाल्यांची. लाव्हा थंड होताना त्यातली लोहाची खनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करून थिजतात, आणि पृथ्वीचं चुंबक मधूनमधून उलटं होतं. घाटातला बहुतेक दगड उलटा आहे; त्या काळी होकायंत्र धरलं असतं तर सुई दक्षिणेकडे गेली असती. वर महाबळेश्वरच्या थरात गेल्यावर ती सुलटी होते. असा उलटा काळ काही लाख वर्षांचाच असतो. १९८६ मध्ये फ्रान्सच्या व्हॅन्साँ कुर्तियो आणि त्यांच्या साथीदारांनी यावरूनच मांडलं की हा एवढा मोठा ढीग, आजही पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेला, कोट्यवधी वर्षं रेंगाळत नव्हे तर झपाट्याने साचलाय, आणि तोही डायनोसॉर गेले त्या सुमाराला. आजीची रीत आणि झाकणाची रीत इथे पहिल्यांदा एकमेकींना टेकल्या, असं मला वाटतं. उलटं-सुलटं हा नुसता क्रम. त्याला आकडे मागाहून चिकटले.

चिऊला डायनोसॉर हा शब्द ऐकू आला आणि मग गाडीत दुसरा विषय नाही. काकांनी तिला चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली. तिथे लाव्हाच्या खालच्या मातीत डायनोसॉरची दगड झालेली विष्ठा सापडते. चिऊला हसू आवरेना. ती घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर आत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण निघाले. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि अशोक साहनी यांच्या गटाने ते छापलं, आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं जे जग मानत होतं ते बदललं. “पण ती शी किती जुनी ते कसं कळलं?” चिऊने विचारलं. काका मागे वळून बघत म्हणाले, “तिला कुणी विचारलं नाही. ती लाव्हाच्या खाली आहे ना? मग लाव्हाच्या आधीची.” जीवाश्माला सहसा स्वतःचं घड्याळ नसतं. कार्बनचं असतं ते जेमतेम पन्नास हजार वर्षं चालतं, त्यापुढे आत मोजण्यासारखं काही उरत नाही. म्हणून शेजारच्या राखेला विचारायचं, वरच्या लाव्हाला विचारायचं. थोरल्या काकाचं वय दुष्काळाला विचारतात तसं.

आणि शेजारीच कधी कधी चकवतात. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी होता, ज्याच्या नावाचं कॉलेज तिथे आहे. त्याने टाकळीजवळ दोन लाव्हांच्या मधल्या मातीतून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख गोळा केले, फायसा म्हणतात त्यांना, आणि १८६० मध्ये लिहिलं की हे थर डायनोसॉरनंतरच्या, टर्शरी काळातले. १८६३ मध्ये तो नागपूरजवळच्या बोरीला पुराच्या पाण्यात बुडून गेला. पुढे १९३०च्या दशकात बिरबल साहनींनी वनस्पतींच्या जीवाश्मांवरून तोच पक्ष लढवला, आणि समोरचे म्हणायचे की छे, हे आधीच्या, डायनोसॉर असतानाच्या क्रिटेशियस काळातले. जवळजवळ शंभर वर्षं हा वाद: दख्खन या दोन काळांमधल्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे? उत्तर निघालं ते असं की रेषा दख्खनच्या अंगातूनच जाते. निम्मं घर तालुक्याच्या या बाजूला, निम्मं त्या. साहनींनी ते पाहिलं नाही. एप्रिल १९४९ मध्ये लखनौला त्यांच्या संस्थेची पायाभरणी नेहरूंच्या हातून झाली. कोनशिलेत त्यांनी वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म बसवून घेतले होते. पुढच्याच आठवड्यात ते गेले. त्या कोनशिलेचं वय कुणी काय लावेल, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

आता प्रश्न रेषा नेमकी कुठून जाते, एवढाच राहिलाय, आणि त्याचं उत्तर त्या लाल मातीत शोधतात हे ऐकून मला उगाच बरं वाटलं. काळ्या दगडात झिरकॉन सहसा सापडत नाही. पण दूरच्या कुठल्या स्फोटाची राख लाल बोलावर पडलेली असेल तर तिच्यात झिरकॉनचे बारीक खडे असतात. पोत्याने माती आणायची, कुटायची, पाण्यात धुवायची, हलकं वाहू द्यायचं, जड ठेवायचं; सुपात पाखडण्याचाच प्रकार, फक्त शेवटी दाण्यांऐवजी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे काही कण उरतात. हा खडा घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला दारातच अडवतो. फार सोवळा. म्हणून आत जे शिसं सापडतं ते आत जन्मलेलंच, युरेनियम मोडून. शिवाय युरेनियम दोन जातींचं, दोन वेगांनी मोडणारं, त्यामुळे एकाच खड्यात दोन घड्याळं, एकमेकांवर नजर ठेवून. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने हे केलं. बर्कलीच्या कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने काळ्या दगडातल्या खनिजांवर आर्गॉनचं घड्याळ लावलं. दोघांबरोबर आपल्याकडचे होते, एकीकडे अमरावती विद्यापीठातले, दुसरीकडे मुंबईच्या आयआयटीतले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन्ही उत्तरं आली. बराचसा ढीग दहा लाख वर्षांच्या आत साचला, यावर एकमत. पण शोन म्हणतात लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला, त्यातला एक मेक्सिकोत उल्का आदळण्याच्या, म्हणजे डायनोसॉर जिच्यामुळे गेले म्हणतात तिच्या, काही दहा हजार वर्षं आधी. स्प्रेन म्हणतात असे झटके आम्हाला दिसत नाहीत, आणि पाऊण लाव्हा उल्केनंतरचा. एवढ्या बारकाईने मोजूनही! मी काकांना विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी पोलादपूरच्या बाजूचा. जे काही झालंय ते त्याच्या खालीवरीच झालंय.”

येताना मी त्यांना लोणारचं विचारलं. शाळेच्या सहलीत गाइडने आम्हाला बावन्न हजार वर्षं सांगितलेली, आणि त्या हिरव्या पाण्याचा कुजका वास अजून माझ्या नाकात आहे. तो आकडाही मोजलेलाच होता, तापवल्यावर खनिज किती प्रकाश देतं त्यावरून. मग २०११ मध्ये आर्गॉनवाल्यांनी तिथल्या वितळलेल्या दगडाचं वय पाच लाख सत्तर हजार काढलं. दहापट! काका दुसऱ्या आकड्याकडे झुकलेले दिसले, पण त्यांचा मुद्दा वेगळा होता. लोणारचा कातळ सह्याद्रीचाच, साडेसहा कोटींच्या घरातला. उल्का पडली, तो वितळला, घड्याळ परत शून्यावर यायला हवं होतं. पण झाकण नीट उघडलंच नाही. जुना आर्गॉन थोडा आतच राहिला, आणि तो निवडून बाजूला काढावा लागला. म्हणजे दगड एकदा जन्मला, मग परत अर्धवट जन्मला. “कशापासून मोजायचं ते आधी सांग,” काका म्हणाले, “मग आकडा माग.” मला टाकीवालीच्या पापण्या आठवल्या. ती गेल्यावर आई नेहमी म्हणायची, “झाला बाई पाटा नवा.”

घरी आल्यावर मी पाट्याची खाण शोधायचा प्रयत्न केला. कुणालाच माहीत नाही. जत्रेत घेतला, पाथरवटाने कुठून आणला त्याला ठाऊक. त्यामुळे आमचा पाटा नेमका कुठल्या लाव्हातला, उलटा की सुलटा, उल्केआधीचा की नंतरचा, हे कळायचं नाही. काका म्हणतात त्या सहा कोटी साठ लाखांत दोन-चार लाख इकडेतिकडे होणारच. गंमत अशी की माझी पणजी जत्रेला कुठल्या साली गेली हेही कळायचं नाही. पहिल्या आकड्यात काही लाखांची चूक कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि दुसऱ्यात पाच-दहा वर्षं सापडत नाहीत तर मला चुकल्यासारखं होतं. तिचं नाव सोडून मला तिच्याबद्दल काही माहीत नाही. फोटो नाही. त्या अकरा मिलिमीटरांत ती काही अंशी आहे, एवढंच. रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा अंधारात मी पाट्यावर हात ठेवून बघितला. गार होता, आणि डाव्या अंगाला जरा जास्त खोल. घरात डावखुरं कोण होतं, आईला विचारलं. ती म्हणाली, “कुणी नाही. आमच्या वेळेपासून तसाच आहे.”

बारशाच्या दिवशी हॉलमध्ये पाळणा टांगला. आमच्याकडे बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालतात. आईने त्याला तेल लावलं, कुंची घातली, गळ्यापाशी नाडी बांधली. वरवंटा इतका बाळासारखा दिसायला लागला की बहिणीच्या सासूबाई नकळत त्याच्या मानेखाली हात धरून होत्या. बायकांनी तो पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हातात दिला, गाणं म्हटलं. काका मागे पुरुषांत उभे होते, हातात पेढा तसाच धरून. चिऊ पाळण्याच्या अगदी जवळ होती; तिने तो गॅलरीतला शंख फ्रॉकच्या खिशातून काढून हळूच कुंचीशेजारी ठेवला आणि मला विचारलं, कुजबुजत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं:

“मावशी, म्हणजे आज हा झिरो वर्षांचा का?”

“गप गं,” आई म्हणाली, “नाव ठेवू दे आधी.”